जोराच्या वाऱ्यात छोट्या शिडाच्या होडीचा नांगर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याला समुद्र नाही, पण पश्चिमेकडे धरणांची रांग आहे, आणि हिवाळ्यात होडी ट्रेलरवर घालून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणारेही येथे आहेत. पुढील उत्तरे साधारण 4 ते 7 मीटर लांबीच्या, एखाद-दोन माणसांनी चालवायच्या शिडाच्या होड्यांसाठी लिहिली आहेत. मोठ्या यॉटवरील विद्युत विंचेस आणि शंभर मीटर साखळी यांचा विचार येथे केलेला नाही.

होडी नांगराच्या वजनावर थांबते ना? मग जड नांगर घेतला की काम झाले?

नाही. हा समज सर्वांत जास्त होड्या किनाऱ्यावर आपटवतो, म्हणून तो आधी दूर करू. मराठीत शेतातल्या आणि पाण्यातल्या या दोन अवजारांना एकच शब्द आहे, आणि त्या शब्दातच उत्तर दडलेले आहे. शेतकऱ्याचा नांगर वजनामुळे जमिनीत टिकत नाही. फाळ मातीत घुसतो, ओढ जमिनीलगत राहते आणि रुमण्यावर हाताचा दाब असतो म्हणून तो टिकतो. ओढ वरच्या बाजूला वळली की फाळ उथळ चालू लागतो आणि अखेर मातीबाहेर येतो. होडीच्या नांगराचेही असेच आहे. तळाला समांतर ओढला तर तो खोल जातो, वर ओढला तर निघतो, आणि शेवटी आपणही त्याला असाच वर ओढून काढतो.

आकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. छोट्या बोटींसाठी वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी मानक तक्त्यात सुमारे 6 मीटर लांबीच्या बोटीसाठी 30 नॉट (ताशी सुमारे 55 किलोमीटर) वाऱ्यात नांगरावर येणारा ताण 360 पाउंड, म्हणजे सुमारे 160 किलो धरलेला आहे. एवढा ताण 5-6 किलोचा नांगर चांगल्या तळात पेलतो, आणि तो वजनावर पेलणे शक्यच नाही.

दोराला दगड, वाळूचे पोते किंवा जुने जाते बांधले तर?

आपल्याकडचा काळा दगड पाण्यात गेला की साधारण एक तृतीयांश वजन गमावतो, आणि काँक्रीटचा ठोकळा तर चाळीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे 30 किलोचे जाते पाण्यात 20 किलोचे होते, आणि चिखलावर घसरताना त्या 20 किलोइतकाही विरोध करत नाही. समोर ताण 160 किलोचा आहे. गळ टाकून शांत सकाळी बसायचे असेल तर जाते पुरेल. वाऱ्यात पुरणार नाही.

दोर किती सोडावा?

हा या पानावरचा मुख्य प्रश्न आहे. नियम असा, की नांगर जेथे टेकतो त्या तळापासून होडीच्या पुढच्या टोकावरील दोराच्या खाचेपर्यंतची उभी उंची मोजावी आणि तिच्या काही पट दोर सोडावा. तिप्पट दोर सोडला आणि तो ताणून सरळ झाला, तर ओढीचा तळाशी होणारा कोन सुमारे 19 अंश असतो, पाचपटीला तो साडेअकराच्या आसपास येतो, सातपटीला 8 आणि दहापटीला 6 अंशांच्या खाली जातो. यावरून लक्षात येईल की तिपटीवरून सातपटीवर जाताना मोठा फायदा होतो, पण सातपटीवरून दहापटीवर जाताना तो फार उरत नाही. माझ्या मते जोराच्या वाऱ्यात दोर आणि थोडी साखळी अशी जोडणी असलेल्या होडीने सातपट ही किमान मर्यादा मानावी, आणि मागे जागा मोकळी असेल तर दहापट सोडायला संकोच करू नये. दोर टोपलीत राहून कोणाचे भले होत नाही.

मोजताना दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे होडीच्या टोकाची पाण्यावरची उंची विसरणे. धरणात पाणी 5 मीटर खोल असेल आणि टोक पाण्यापासून 60 सेंटीमीटर वर असेल, तर सातपट म्हणजे 35 नव्हे, 39 मीटर. दुसरी चूक पुणेकर कोकणात गेल्यावर करतात, कारण धरणाच्या पाण्याला भरती नसते. ओहोटीला 4 मीटर पाण्यात नांगर टाकला आणि पुढे 3 मीटर भरती आली, तर उंची 4.6 ऐवजी 7.6 मीटर होते आणि सकाळचा सातपट दोर दुपारी जेमतेम चौपट उरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईच्या परिसरात भरती-ओहोटीतला फरक 4 मीटरच्या पुढे जातो, दक्षिणेला रत्नागिरीकडे तो कमी असतो, आणि अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत सगळीकडेच कमी असतो. हिशेब नेहमी येणाऱ्या भरतीच्या पाण्याचा धरावा.

दोरावर दर 5 मीटरला रंगीत धागा ओवून ठेवावा. अंदाजाने सोडलेला दोर प्रत्यक्षात नेहमी कमीच भरतो.

जोराचा वारा म्हणजे नेमका किती?

हवामान खात्याच्या इशाऱ्यात आपण ताशी 40 ते 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांचा उल्लेख वाचतो. हे सुमारे 22 ते 27 नॉट झाले, आणि छोट्या होडीसाठी हा जोराचाच वारा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे 15 नॉटचा वारा 30 नॉट झाला की नांगरावरचा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. दुपारी निवांत धरलेला नांगर संध्याकाळी सुटतो तो याच कारणाने.

पुण्याच्या धरणांवर एवढा वारा येतो तरी कधी?

एप्रिल-मेमधला वळीव सर्वांत फसवा असतो. सकाळपासून उकाडा असतो, दुपारी ढग चढतात, आणि ढगाकडे ओढला जाणारा मंद वारा अचानक थांबतो. मग ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, आणि काही मिनिटांत वारा पूर्णपणे दुसऱ्या दिशेने येऊन तिप्पट-चौपट होतो. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तसा प्रामाणिक असतो, त्याची दिशा टिकते, पण मुळशी-पानशेतसारख्या डोंगरांतल्या जलाशयांवर तो कड्यांवरून झोतांनी उतरतो आणि दरीच्या लांबीत वेग धरतो.

माझा स्वतःचा धडा वळवाचाच आहे. मे महिन्यात एका जलाशयाच्या पश्चिम काठालगत, साधारण 4 मीटर पाण्यात, पश्चिमेच्या मंद वाऱ्यात मी जेवणापुरता नांगर टाकला आणि 12-13 मीटर दोर सोडला. जेमतेम तिप्पट. पूर्वेकडून ढग आला, वारा उलटला, होडी गोल फिरून नांगरावरून पलीकडे गेली आणि ज्या काठाच्या आडोशाला मी बसलो होतो तोच काठ आता पाठीमागे आला. नांगर उपटला गेला आणि पुन्हा धरलाच नाही. सुकाणूची खालची बिजागरी खडकावर मोडली. नंतर नांगर वर काढला तेव्हा कारण दिसले : दांडा आणि फाळ यांच्या फटीत लिंबाएवढा दगड घट्ट बसला होता, त्यामुळे फाळ उघडायला जागाच नव्हती. तो दगड अजून माझ्या टेबलावर कागदांवर ठेवलेला असतो.

हवामानाच्या बाबतीत पुणेकरांनी तरी कुरकुर करू नये. 1928 मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले आणि शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण खात्याचे मोठे काम येथूनच चालते. निघण्यापूर्वी पुढच्या काही तासांचा इशारा पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

नांगराचा कोणता प्रकार घ्यावा?

दोन चपटे, बिजागरीवर हलणारे फाळ असलेला डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींमुळे प्रसिद्ध झाला. तो हलका असतो, घडी होऊन सपाट बसतो आणि वाळूत व चिखलात वजनाच्या मानाने विलक्षण धरतो. मात्र वारा उलटला तर तो सुटू शकतो, आणि फटीत दगड अडकला तर काय होते ते वर आलेच आहे. नांगराच्या फाळासारखा दिसणारा सीक्यूआर हा प्रकार 1933 मध्ये जी. आय. टेलर या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी तयार केला. तो आणि त्याच्या पुढचे डेल्टा, रोक्ना वगैरे प्रकार ओढीची दिशा बदलली तरी पुन्हा घुसण्यात सरस आहेत. चार हुकांसारख्या आकड्यांचा घडीचा ग्रॅपनेल स्वस्त आणि आटोपशीर म्हणून बहुतेक जण तोच घेतात. खडकात तो अडकून धरतो, पण गाळात त्याचे बारीक आकडे लोण्यातून सुरी जावी तसे जातात. तो दुसरा नांगर म्हणून ठेवावा, पहिला म्हणून नव्हे. नव्याने घेत असाल तर 5-6 मीटरच्या होडीसाठी 5 ते 6 किलोचा, न हलणाऱ्या फाळाचा नव्या धाटणीचा नांगर घ्यावा, असे मी सुचवेन.

दोर कोणता? साखळी लागतेच का?

दोर नायलॉनचा घ्यावा. नायलॉन ताणतो, आणि झोत आला की होडीला बसणारा हिसका त्या ताणात विरतो. पुण्याच्या बोहरी आळीत दोर घ्यायला गेलात तर समोर येणाऱ्या रंगीत चकचकीत दोरांपैकी बरेचसे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते उन्हाने लवकर खडबडीत होतात आणि पाण्यावर तरंगतात, त्यामुळे शेजारच्या होडीच्या पंख्यात जातात. ओळखायचे असेल तर वीतभर तुकडा मागून घ्यावा आणि पाण्याच्या बादलीत टाकावा. नायलॉन बुडतो, पॉलिप्रॉपिलीन तरंगतो. दुकानदार हसतो, पण तुकडा देतो. आपल्या आकाराच्या होडीला 10 किंवा 12 मिलिमीटर जाडी पुरते. ताकदीच्या दृष्टीने त्याहून बारीक चालला असता, पण ओल्या हाताने ओढताना बारीक दोर तळहात कापतो.

साखळी लागतेच. निदान होडीच्या लांबीइतकी, 6 मिलिमीटरची. ती तळाजवळची ओढ खाली ठेवते आणि दगडावर घासून दोर तुटण्याचा धोका टाळते. साखळीच्या झोलामुळे हिसके बसत नाहीत असे सांगितले जाते, ते मंद वाऱ्यात खरे आहे. जोराच्या वाऱ्यात एवढीशी साखळी सरळ ताणली जाते आणि हिसके सोसण्याचे काम नायलॉनच करतो. दोर साखळीला थेट गाठीने बांधू नये, थिंबल (दोराच्या फासात बसणारी धातूची खोबण) घालून स्प्लाइस करावा, म्हणजे दोराचे पदर एकमेकांत विणून जोडावा. शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या पिनेच्या कडीची, पिन तारेने बांधून टाकावी, कारण ती हलून हलून उलगडते आणि उलगडल्याचे पाण्याखाली कोणाला दिसत नाही.

तळ कसा आहे हे वरून कसे कळणार?

शिशाचे वजन बांधलेल्या दोरीने खोली मोजावी, आणि वजनाच्या बुडाला ग्रीस किंवा साबणाचा गोळा लावावा. वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा जे असेल ते चिकटून येते. काहीच चिकटले नाही आणि हाताला टणक ठोका जाणवला तर खाली खडक आहे. घट्ट चिखल आणि वाळू उत्तम, पातळ गाळ बेताचा, पाणवनस्पतींचे दाट जाळे वाईट.

आपल्या धरणांची एक वेगळी अडचण आहे, ती समुद्रावरच्या पुस्तकांत सापडत नाही. तेथे तळाला गावे आहेत. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर वर येते, भाटघरचे ओसरले की वेळवंडचे कांबरेश्वराचे. देवळे तेवढी बातमीत येतात, पण बांध, विहिरींचे कठडे आणि झाडांचे बुंधेही खालीच आहेत. अशा जागी नांगर अतिशय छान धरतो आणि मग परत मिळत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले असताना आपल्या नेहमीच्या जागा पायी फिरून पाहाव्यात आणि फोटो काढून ठेवावेत. याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

जागा कशी निवडावी?

वारा ज्या काठावरून येतो त्या काठाच्या आडोशाला. तेथे लाटा लहान असतात, आणि नांगर सुटलाच तरी मागे पाणी मोकळे असते. मात्र उंच कड्याच्या अगदी पायथ्याशी जाऊ नये, कारण वारा कड्यावरून उडी मारून झोतांनी खाली येतो. झाडी असलेला उतरता काठ अधिक चांगला. होडी दोराच्या टोकावर पूर्ण वर्तुळात फिरू शकते हे धरून चहूकडे जागा मोजावी. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणी उपसण्याच्या विहिरींपासून पुष्कळ लांब राहावे, आणि कोणत्याही जलाशयावर उतरण्यापूर्वी परवानगी कोणाची लागते हे विचारून घ्यावे. खडकवासल्याचा काही भाग तर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या हद्दीला लागून आहे.

नांगर टाकायची क्रमवार पद्धत काय?

दोर आधीच मोकळा करून, गुंता नाही हे पाहून, त्याचे शेवटचे टोक होडीत पक्के बांधावे. हे न करता सगळा दोर पाण्यात सोडून देणारे लोक आहेत. पुढचे शीड उतरवावे, मोठ्या शिडावर हळू येऊन होडीचे तोंड वाऱ्यात फिरवावे आणि ती पूर्ण थांबू द्यावी. ती मागे सरकू लागली की नांगर हातोहात खाली सोडावा. भिरकावू नये, भिरकावलेल्या नांगराच्या फाळात स्वतःचीच साखळी अडकते. होडी मागे जाईल तसा दोर सोडत राहावा, तिपटीच्या सुमारास क्लीटवर (दोर बांधायच्या डेकवरच्या खुंटीवर) अर्धा वेढा देऊन हलका ताण द्यावा म्हणजे फाळ वळून टोचला जातो, आणि मग उरलेला दोर सोडून पक्के बांधावे. शेवटी मोटर असेल तर उलट्या गतीने, नसेल तर बूम (मोठ्या शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) हाताने बाहेर ढकलून शीड उलट्या बाजूने भरून, होडी जोरात मागे खेचावी. वाऱ्याने नांगर रात्री दोन वाजता तपासावा त्यापेक्षा आपणच दिवसाउजेडी तपासलेला बरा.

दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नये आणि वेटोळ्यात पाय ठेवू नये. पुढे जाणाऱ्या माणसाच्या अंगात लाइफ जॅकेट हवेच.

नांगर धरला आहे हे कसे ओळखावे?

ताणलेल्या दोरावर तळहात ठेवावा. धरलेल्या नांगराचा दोर ताणतो आणि सैलावतो, पण गुळगुळीत. घसरणाऱ्या नांगराचा दोर थरथरतो, खडीच्या रस्त्यावर सायकलचे हँडल थरथरते तसा. दुसरी खूण डोळ्यांची : होडीच्या बाजूला, एकामागे एक अशा दोन स्थिर वस्तू एका रेषेत पकडाव्यात. खडकवासल्याच्या पाण्यावरून सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा आणि काठावरचे एखादे झाड अशी जोडी चांगली जमते. वाऱ्यात होडी डावी-उजवीकडे डुलते, त्यामुळे मनोरा झाडाच्या दोन्ही बाजूंना थोडा हलणारच. तो एकाच बाजूला सरकत राहिला तर नांगर घसरतो आहे. फोनवरचे नांगराचे अलार्म उपयोगी आहेत, पण त्यांना काही मीटरची चूक असते आणि बॅटरी संपते.

घसरू लागला तर पहिले काय करावे?

दोर सोडावा, तोही ताबडतोब. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. नाही भागले तर दुसरा नांगर टाकावा, आणि तरीही काठ जवळ येत असेल तर हट्ट सोडून नांगर उचलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. दुसऱ्यांदा टाकण्याआधी फाळ पाहावा. चिखलाचा गोळा, प्लॅस्टिकची पिशवी किंवा जाळ्याचा तुकडा घेऊन नांगर पुन्हा घुसत नाही.

एकाऐवजी दोन नांगर टाकले तर अधिक चांगले का?

वाऱ्याची दिशा टिकणार असेल तर होय. दोन्ही पुढच्या टोकावरून, आपसांत 45 ते 60 अंशांचा कोन राहील असे टाकावेत, म्हणजे होडीचे डुलणेही कमी होते. वळवात मात्र होडी गोल फिरते आणि दोन दोर वेणीसारखे गुंफले जातात, म्हणून तेथे मी एकच चांगला नांगर आणि भरपूर दोर पसंत करतो.

नांगर होडीच्या मागच्या बाजूला बांधता येतो का?

जोराच्या वाऱ्यात कदापि नाही. मागची बाजू सपाट आणि बुटकी असते, लाट थेट आत येते, आणि पाणी भरलेली होडी आणखी खाली बसून पुढची लाट घेते.

दोर तुटण्याची भीती कोठे असते?

जेथे तो होडीच्या कडेवरून खाली उतरतो तेथे. एका रात्रीत हजारो वेळा तो तिथल्या तिथे घासतो. बागेच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा उभा चिरून दोरावर चढवावा, दोन्ही टोकांना सुतळीने बांधावा, आणि दर काही तासांनी दोर वीतभर पुढे-मागे करून घासणारी जागा बदलावी. क्लीट कसे बसवले आहे तेही पाहावे. केवळ स्क्रूवर बसवलेले क्लीट ताणाने उपटते. डेकच्या खालून पट्टी देऊन बोल्टने कसलेले हवे, आणि त्याची खात्री नसेल तर दोर डोलकाठीच्या बुंध्याशी बांधावा.

नांगरावर असताना शीड, बूम यांचे काय करावे?

वारा पकडणारे सगळे कमी करावे. पुढचे शीड नुसते गुंडाळून ठेवू नये, काढून आत टाकावे. मोठे शीड घट्ट बांधावे, बूम खाली घ्यावा, सुकाणू मधोमध बांधावे.

रात्री मुक्काम असेल तर?

कोकणातल्या खाडीत रात्र काढताना शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवावेत. दुपारी समुद्राकडून येणारा वारा रात्री जमिनीकडून वाहू लागतो, होडी अर्धे वर्तुळ फिरते, आणि तिचे शेपूट आता कोठे येईल ते उजेडातच पाहून ठेवावे लागते. चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावावा. 7 मीटरपेक्षा लहान होडीला, ती अरुंद मार्गात, जलमार्गात, नांगरवाड्यात किंवा जहाजे ये-जा करतात तेथे नसेल तर, आंतरराष्ट्रीय नियमांनी यातून सूट आहे, पण मासेमारीच्या होड्या पहाटे अंधारात निघतात आणि त्यांना ती सूट दिसत नाही.

नांगर अडकला तर कसा सोडवावा?

दोर आखडत नांगराच्या बरोबर वर यावे, दोर उभा ताणून बांधावा आणि लाटेला होडी उचलू द्यावी. त्याने निघाला नाही तर थोडा दोर सोडून, नांगर ज्या दिशेने घातला त्याच्या उलट दिशेने ओढावे. तळाला झाडे-भिंती असल्याची शंका असेल तर टाकण्यापूर्वीच फाळांच्या मुळाशी वेगळी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकाला रिकामा कॅन लावावा. ती दोरी ओढली की नांगर मागच्या पावली बाहेर येतो. जोराच्या वाऱ्यात हे सगळे करायला वेळ नसतो. अशा वेळी दोराच्या टोकाला तोच कॅन बांधून सगळे पाण्यात सोडावे, निघून जावे आणि वारा पडल्यावर परत येऊन काढावे. यासाठी होडीत एक धारदार सुरी हाताशी बांधलेली हवी, आणि साखळीच साखळी वापरणाऱ्यांनी तिचे शेवटचे टोक होडीला दोरीने बांधावे, शॅकलने नव्हे.

चक्रीवादळाचा इशारा आहे. दोन नांगर टाकून होडी पाण्यातच ठेवू का?

ठेवू नये. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि त्याच दिवशी पुणे जिल्ह्यातही झाडे पडली, छपरे उडाली. आपल्या आकाराची होडी चार माणसे आणि एक ट्रेलर मिळाला तर पाण्याबाहेर येते. ती भरतीच्या व धरणाच्या वाढत्या पाण्याच्या रेषेच्या बरीच वर, झाडांपासून दूर न्यावी, डोलकाठी उतरवावी, आणि चारही कोपऱ्यांना जमिनीत पहारी ठोकून बांधावी. पहारी होडीच्या उलट दिशेला कललेल्या असाव्यात, आणि येथेही दोर जितका लांब आणि जमिनीलगत जाईल तितकी पहार पक्की राहते.